गोदामासाठी नकाशातला मधोमध प्रदेश खरंच सोयीचा असतो का?

नवखा_नियोजक:
गोदामासाठी तीन प्रदेशांची तुलना करतोय. एक मधोमध आहे, चारी बाजूंना महामार्ग, जमीन स्वस्त. बाकी दोन बंदराजवळ, पण महाग. साहेबांचा कल मधल्याकडे आहे. माहितीपत्रकं वाचावीत तर तिन्ही प्रदेश ‘प्रवेशद्वार’च आहेत! नेमकं काय तपासू?

रात्रपाळी:
अकरा वर्षं डिस्पॅचला, म्हणजे मालाच्या गाड्या रवाना करण्यात, काढलीत, म्हणून आधी एकच विचारतो: तिथून गाडी परत येताना काय भरून आणेल?

आम्हीही स्वस्त जमीन बघून असंच एक गोदाम घेतलं होतं. आजूबाजूला खाणारी तोंडं भरपूर, कारखाना मात्र एकही नाही. माल उतरवला की गाडी रिकामी परतायची. पहिले काही दिवस गाडीवाल्यांनी सोसलं, मग परतीचं डिझेलही आमच्याच भाड्यात लावायला लागले. जमिनीत वाचवलेलं सगळं रस्त्यावर गेलं. आसपास काय पिकतं, काय बनतं आणि कोणत्या महिन्यात बाहेर जातं, तेवढं आधी लिहून काढ. बंदराजवळ निदान परतीला रिकामे कंटेनर तरी मिळतात.

विमानमाल:
मधोमध असण्याचा फायदा नाही असं नाही. फेडेक्स या कुरिअर कंपनीनं 1973 मध्ये अमेरिकेच्या साधारण मधोमध असलेल्या मेम्फिसहून 14 विमानांनी सुरुवात केली, पहिल्या रात्री पार्सलं होती 186. पण जागा निवडताना हवामानही पाहिलं होतं, खराब हवेमुळे तिथला विमानतळ क्वचितच बंद पडतो. डीएचएल या दुसऱ्या कुरिअर कंपनीनं 2008 मध्ये युरोपातलं मुख्य हब (माल गोळा करून पुढे पाठवायचं केंद्र) बेल्जियममधल्या ब्रुसेल्सहून जर्मनीतल्या लाइपझिगला हलवलं, कारण ब्रुसेल्सला रात्रीची उड्डाणं वाढवू देत नव्हते. रात्री काम करता येतं का, हे विचारून घ्या.

नवखा_नियोजक:
आणि नदी? एका प्रदेशात जलमार्ग आहे, साहेब त्यावर फिदा आहेत.

रात्रपाळी:
नदी स्वस्त पडते, वादच नाही. युरोपात रॉटरडॅम बंदराचा कितीतरी माल ऱ्हाइन नदीनं आत जातो. पण 2018 मध्ये पाणी इतकं उतरलं की बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू बोटी) अर्धवट भरून सोडाव्या लागल्या. शेजारी रेल्वे आहे का, आणि तिच्यात ऐन वेळी जागा मिळेल का, ते बघ.

अहवाल लिहिण्याआधी एक रात्र त्या महामार्गावरच्या ट्रक थांब्यावर काढ. परतीच्या मालासाठी किती दिवस थांबलात, असं दहा ड्रायव्हरांना विचार. दिवसा जाऊ नकोस, झोपलेले असतात.