रि: रि: आईबाबांसोबत वसंतात एक निवांत आठवडा, छोट्या गावात कुठे राहावं?

नमस्कार मंडळी,

आईबाबा नाशिकहून एप्रिलच्या मध्याला इकडे स्वित्झर्लंडला येतायत, दोन महिने राहणार आहेत. मागच्या वेळी ते टूरबरोबर आले होते, रोज सकाळी बॅगा भरून बाहेर, एका दिवसात दोन-दोन गावं, आणि आई आताच फोनवर म्हणाली की मला या वेळी काही "बघायचं" नाहीये, एका जागी राहायचंय, सकाळी चहा घेऊन बाहेर बसता आलं पाहिजे आणि संध्याकाळी चालायला रस्ता पाहिजे. मुलांच्या वसंताच्या सुट्टीत म्हणजे एप्रिलअखेर आम्ही सगळे मिळून एक आठवडा कुठेतरी छोट्या गावात फ्लॅट घेऊन राहावं असं ठरतंय. बाबांच्या गुडघ्याचा प्रॉब्लेम आहे, जिने चढतात पण हळू. मुलं सहा आणि दहा वर्षांची. गाडी नाही, सगळं ट्रेनने. स्वयंपाक घरीच करू. कुणी असं राहिलंय का? नुसती गावाची नावं नको, तुम्हाला ते का आवडलं तेही लिहा प्लीज.

— विंटरथुरहून

* * *

डोंगरातलं वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्ड बघ ना, खिडकी उघडली की समोर युंगफ्राउ नाहीतर आयगर शिखर, आईला चहा प्यायला याच्यापेक्षा चांगली जागा कुठली. एप्रिलअखेर फ्लॅटही जरा स्वस्त मिळतात, स्कीइंगवाले गेलेले असतात.

— थुनहून, गडबडीत

* * *

नमस्कार,

थुनच्या दादांनी लिहिलंय ते दृश्य खरंच सुंदर आहे पण एप्रिलअखेरीला मी तरी कुणाच्या आईवडिलांना तिकडे आठवडाभर पाठवणार नाही, आणि फ्लॅट स्वस्त असतात त्याचं कारणही तेच आहे. साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत डोंगरातल्या बऱ्याच केबलकार देखभालीसाठी बंद असतात, हॉटेलं आणि खाण्याच्या जागाही त्याच वेळेला सुट्टी घेतात कारण स्कीचा सीझन संपलेला आणि उन्हाळ्याचा सुरू व्हायचाय. हजार मीटरच्या वर गवत अजून पिवळं, बर्फ वितळत असल्याने पायवाटा चिखलाच्या, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला चिखलातला उतार म्हणजे शिक्षाच. वरचे घाटरस्ते, फुर्का, ग्रिमझेल, सुस्टेन, हे तर मेअखेर किंवा जूनपर्यंत उघडतच नाहीत.

आपण भारतातून येताना स्वित्झर्लंड म्हणजे उंच डोंगर हे डोक्यात घेऊन येतो. पण वसंत इथे खालून वर चढतो, आधी तळ्यांच्या काठी, मग पठारावर, आणि डोंगरात पोचेपर्यंत जून उजाडतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये गाव निवडताना मी नकाशावर आधी उंची बघते, पाचशे मीटरच्या आतबाहेर असेल तर पुढचं बघायचं. ही एक गोष्ट सांभाळली की बाकीचं आपोआप जमतं असा माझा अनुभव आहे.

माझं मत मुर्टेनला. मी फ्रिबोर्गला राहते म्हणून सांगत नाही, झुरिकला होतो तेव्हाही आम्ही तिथेच जायचो. तळं समुद्रसपाटीपासून ४२९ मीटरवर, गाव त्याच्या जरा वर. जुन्या गावाभोवतीची तटबंदी अजून बरीचशी उभी आहे आणि तिच्यावरून चालता येतं, तिकीट नाही. वरचा रस्ता लाकडी आहे, डोक्यावर छप्पर, एका बाजूला तटाच्या फटी आणि दुसऱ्या बाजूला खाली सगळी लालसर तपकिरी कौलं, कुणाच्या परसात वाळत घातलेले कपडे, कुणाची चेरी फुललेली, आणि कौलांच्या पलीकडे तळं. लाकडी पायऱ्या आहेत, कठड्याला धरून बाबा सावकाश चढतील, आणि नाहीच चढले तर मुख्य रस्त्याला दोन्ही बाजूंनी कमानींचे ओटे आहेत, पाऊस असला तरी न भिजता गाव फिरता येतं. नाशिकच्या माणसाला किल्ल्यांची ओढ असणारच तर त्यांना हेही सांग की १४७६ मध्ये बर्गंडीच्या चार्ल्सने या गावाला वेढा घातला होता, आत मोजकी शिबंदी होती, ती टिकून राहिली आणि २२ जूनला बाहेरून स्विस संघाचं सैन्य आलं आणि त्याचा पार धुव्वा उडवला. तटावर उभं राहून ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलाला सांगायला मजा येते, आमच्याकडे लढाई तटावर पुन्हा एकदा झाली.

दुसरं म्हणजे आजूबाजूचा प्रदेश सपाट आहे. शेजारच्या केर्झर्स गावाकडचा सगळा भाग पूर्वी दलदल होता, पुराचं पाणी वारंवार शेतात उभं राहायचं, मग १८६८ ते १८९१ या काळात कालवे खोदले, आरे नदीच वळवून बीलच्या तळ्यात सोडली, आणि ती जमीन आज देशाची भाजीची बाग आहे. एप्रिलअखेर तिथे रॅपसीडची शेतं फुलतात, मोहरीच्या जातीचंच पीक, क्षितिजापर्यंत पिवळं, आणि शेतातल्या रस्त्यांना चढ नाही. आईला संध्याकाळी चालायला हेच पाहिजे असं मला वाटतं. शेतावर अस्पॅरागसही त्याच सुमाराला सुरू होतो, शेतकऱ्याच्या दारात टेबल मांडलेलं असतं, पैसे डब्यात टाकायचे. तुपावर जिरं आणि मीठ, बास.

विंटरथुरहून बर्नपर्यंत थेट गाडी आहे, बर्नहून मुर्टेन लोकलने अर्ध्या तासाच्या थोडं वर.

एक लक्षात ठेव, बीझ सुटला, म्हणजे ईशान्येचा तो कोरडा वारा, की कडक ऊन असूनही तळ्याकाठी बसवत नाही. कानटोपी नाशिकहून आणायला सांग.

— फ्रिबोर्गची काकू

* * *

काकूंशी उंचीबाबत शंभर टक्के सहमत, पण तळंच पाहिजे तर लेमान, म्हणजे जिनिव्हाचं तळं, का नाही? मोर्झ बघा. तळ्याकाठच्या बागेत एप्रिलपासून मेच्या मध्यापर्यंत ट्युलिपचा उत्सव असतो, लाखाहून जास्त कंद लावलेले असतात, प्रवेश फुकट, जमीन सपाट, बाकं भरपूर. माझी सासू दर वर्षी तिथे डबा घेऊन जाते आणि दुपारपर्यंत हलत नाही. लावोचे द्राक्षमळे २००७ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत पण तिथे उतार फार, त्यामुळे गुडघ्यांसाठी व्हेवेहून शेब्रमार्गे पुइडूला जाणारी छोटी ट्रेन घ्या, ती मळ्यांमधूनच चढते, बसल्या जागी सगळं दिसतं. मेच्या मध्याला आलात तर माँट्रोच्या वर लेझ-आव्हाँला पांढरी नार्सिसस फुलतात, कुरणंच्या कुरणं, लांबून बर्फ पडल्यासारखी दिसतात म्हणून इथले लोक त्याला मेचा बर्फ म्हणतात. तोडायची मात्र नाहीत, मुलांना आधीच सांगून ठेवा.

राहायला महाग आहे हे मान्य. पण व्हेवे-माँट्रो भागात रात्री मुक्काम असेल तर पाहुण्यांचं कार्ड मिळतं, त्यात लोकल बस फुकट.

— लोझानहून

* * *

दक्षिणेकडच्या टिचिनो कॅन्टनचं, म्हणजे राज्याचं, नाव कुणी घेतलं नाही म्हणून लिहितोय. वसंत सगळ्यात आधी इथे येतो, लोकार्नोत कॅमेलिया मार्चमध्येच फुललेल्या असतात. हॉटेल, हॉस्टेल किंवा कॅम्पिंगला राहिलात तर मुक्कामापुरतं टिचिनो तिकीट मिळतं, कॅन्टनमधली सगळी ट्रेन-बस त्यात येते. आणि बेलिन्झोना! शनिवारचा बाजार, तीन किल्ले, तेही युनेस्कोचे. एप्रिल-मेमध्ये इथे पाऊस मात्र जोरदार पडतो आणि एकदा धरला की दोन-तीन दिवस सोडत नाही, नाशिककरांना पावसाचं कौतुक असेल पण फ्लॅटमध्ये दोन मुलं असतील तर विचार करा.

फ्लॅट घेणार असाल तर ते तिकीट लागू आहे का ते घरमालकाला आधी विचारा.

— लुगानोहून

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल आईला काकूंचा मेल वाचून दाखवला, तिने अस्पॅरागस म्हणजे काय ते विचारलं आणि मुर्टेन पक्कं केलं :)

आता पुढचे प्रश्न. एक, आईला काही बघायचं नसलं तरी बाबांना एकदा बर्फात हात घालायचाच आहे, मागच्या वेळी टिटलिस शिखरावर नुसतं धुकं होतं. तर मुर्टेनहून एका दिवसात जमेल का? त्यांना बीपी आहे. दोन, आई अंडंही खात नाही, तर बाहेर काय खाता येईल. तीन, फ्लॅट बुक करताना काय बघू? चार, पाऊस पडला तर मुलांचं काय करू?

— विंटरथुरहून

* * *

बर्फाचं मी सांगतो कारण इंटरलाकेनला रोजचं जाणं आहे. युंगफ्राउयोखचं डोंगरावरचं स्टेशन वर्षभर चालू असतं पण ते ३,४५४ मीटर, बीपी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. त्याच्या खाली क्लायने शायडेग आहे, २,०६१ मीटर, ग्रिंडेलवाल्डहून दातेरी रुळांची ट्रेन तिथपर्यंत जाते, आणि एप्रिलअखेर तिथे स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं की बर्फ. बाबांचा हात बर्फात, समोर आयगर, आणि वर जायचं तिकीट वाचलं. मुर्टेनहून दिवस मोठा होईल, लवकर निघा, आणि आदल्या संध्याकाळी वरचा वेबकॅम बघूनच ठरवा म्हणजे पुन्हा धुकं बघायला नको. ती ट्रेन त्या आठवड्यात धावतेय ना हे वेळापत्रकात तपासा, देखभालीचे दिवस बदलत असतात.

वेंगेनचं मी आधी घाईत लिहिलं होतं, एका दिवसासाठी तो भाग छानच आहे, राहायला काकू म्हणतायत तेच बरोबर.

— थुनहून

* * *

बाकीचं मी.

खाण्याचं आधी. इथे फाँड्यू म्हणजे वितळवलेलं चीज, अर्धं ग्रुयेर आणि अर्धं व्हाशरँ, आणि त्यात पांढरी वाइन असते, बऱ्याचदा किर्श म्हणजे चेरीची दारूही. पण फ्रिबोर्गकडे नुसत्या व्हाशरँचं फाँड्यू करतात, ते पाण्यावर होतं, वाइन नाही, मंद आचेवर ठेवतात आणि चवीला फार सौम्य असतं, ते मुद्दाम मागा. मात्र एक गोष्ट आईला आधीच सांग, ग्रुयेरसारखी पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध फाडायच्या द्रव्याने, बनवतात. काही जणींना ते चालतं, काहींना अजिबात नाही, आणि खाऊन झाल्यावर कळलं तर मनाला लागतं. नंतर कुणीतरी सांगण्यापेक्षा तिचं तिला ठरवू दे. दुकानात शाकाहारी रेनेटची चीजही मिळतात, पाकिटावर लिहिलेलं असतं. मुर्टेनचा निडेलकुखन, सायीचा गोड केक, प्रसिद्ध आहे, अंड्याचं बेकरीत विचारून घ्या.

आणि एप्रिलमध्ये जंगलात ओलसर सावलीत बेअर्लाउख येतो, जंगली लसूण, चालताना पाय पडला तरी वास सुटतो. त्याचं थालीपीठ इतकं सुंदर होतं की आम्ही वर्षभर वाट बघतो. पण स्वतः तोडायचा असेल तर नीट बघून. लिली ऑफ द व्हॅलीची पानं अगदी तशीच दिसतात आणि ती विषारी आहेत, कोल्खिकम या फुलझाडाची तर त्याहून वाईट. बेअर्लाउखचं प्रत्येक पान आपल्या वेगळ्या देठावर जमिनीतून येतं, पानाची मागची बाजू फिकट, चमक नसलेली. लिलीची पानं एकाच देठावर दोन-दोन. वासावर भरवसा ठेवायचा नाही कारण चार पानं खुडली की बोटांनाच लसणीचा वास लागतो आणि मग सगळंच लसूण वाटतं. आईबाबा एकटे चालायला जातील तर त्यांना सांग की तोडू नका, मिग्रो-कोप सुपरमार्केटमध्ये त्या दिवसांत जुडी मिळते.

फ्लॅटचं. बहुतेक ठिकाणी शनिवार ते शनिवार असतं. भाड्याच्या वर शेवटची साफसफाई आणि पर्यटन कर लागतो, तो धरून हिशेब कर. चादरी-टॉवेल भाड्यात आहेत का, लिफ्ट आहे का, बाथरूम त्याच मजल्यावर आहे का हे लेखी विचार, जुन्या गावातली घरं देखणी असतात पण जिने अरुंद आणि उभे. मी तर म्हणेन तटाच्या आत घर घेण्यापेक्षा बाहेर तळ्याकडे तळमजल्याचं बघ, आईला चहा घेऊन बसायला अंगण मिळेल, आणि गावात काय, चालत जाता येतंच. रविवारी दुकानं बंद, शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध-भाजी भरून ठेव, अगदीच अडलं तर बर्न स्टेशनवरची दुकानं उघडी असतात. रिकाम्या बाटल्या रविवारी काच गोळा करायच्या सार्वजनिक डब्यात टाकायला जायचं नाही, आवाज होतो म्हणून शेजारी लगेच बोलतात, बाबांना हे माहीत नसणार. आउफफार्टचा, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाचा, आठवडा टाळ, गुरुवारची सुट्टी धरून सगळा देश शुक्रवारी रजा टाकतो आणि जागा मिळत नाही. एप्रिलअखेर ठीक आहे पण इतर कॅन्टनच्या सुट्ट्याही त्याच सुमाराला येतात, तेव्हा आत्ताच बघायला लाग.

पावसाच्या दिवशी केर्झर्सचं पापिलिओरामा. मोठ्या घुमटाखाली उष्ण दमट हवा, फुलपाखरं खांद्यावर येऊन बसतात. शेजारच्या घुमटात दिवसा रात्र केलेली असते, वटवाघळं आणि निशाचर प्राणी बघायला. त्याच्या दारातच ट्रेन थांबते.

तिकिटांचं, आईबाबांसाठी बाहेरून येणाऱ्यांचं महिन्याचं हाफ फेअर कार्ड बघ, ते महिनाभरच चालतं, दोन महिने आहेत तर सुरुवात कधी करायची ते फिरण्याच्या तारखांवरून ठरव. मुलांचं ज्युनियर कार्ड फक्त तुमच्याबरोबर असताना चालतं. आजीआजोबा एकटे मुलांना घेऊन जाणार असतील तर सोबत्याचं वेगळं कार्ड काढावं लागतं, तपासनीस आला की आजोबांची पंचाईत नको.

— फ्रिबोर्गची काकू

* * *

काकू, तळमजल्याचा फ्लॅट मिळाला! लिफ्टचा प्रश्नच नाही, दोन पायऱ्या आहेत फक्त, आणि समोर गवताचा तुकडा. सगळा खर्च धरून आमच्या हिशेबात बसतोय. बाबांना क्लायने शायडेगचा वेबकॅम पाठवलाय, ते रोज सकाळी बघतात आणि किती बर्फ उरलाय त्याची बातमी देतात. एकच राहिलं, घरमालकीण म्हणते शेगडी इंडक्शनची आहे, आणि आमचा कुकर ॲल्युमिनियमचा.

— विंटरथुरहून

* * *

नवा घेऊ नकोस एका आठवड्यासाठी. माझ्याकडे स्टीलचा पाच लिटरचा आहे, इंडक्शनवर चालतो, शिटी नीट आहे, रबर मागच्या दिवाळीत बदललंय. शनिवारी बर्नला गाडी बदलाल तेव्हा किती वाजता पोचताय ते कळव, मी स्टेशनवर आणून देते, पोह्यांचा डबाही आणते मुलांसाठी.

— बर्नहून