नव्या अल्बमला पहिल्याच रात्री गुण द्यावेत का?

सुरावट (धाग्याची सुरुवात)

नवे अल्बम जगभर एकाच वारी, म्हणजे शुक्रवारी, प्रकाशित करण्याची पद्धत १० जुलै २०१५ पासून रूढ झाली. त्याआधी अमेरिकेत मंगळवार आणि ब्रिटनमध्ये सोमवार हे त्यासाठीचे वार होते. आता मोठा पॉप अल्बम आला की असंख्य चाहते एकाच वेळी ऐकायला बसतात आणि उजाडण्यापूर्वीच ‘दहापैकी नऊ’, ‘दहापैकी चार’ असे निकाल लागलेले असतात. माझे म्हणणे एवढेच आहे की, पहिल्या रात्री जे वाटले ते चाहत्यांनी अवश्य लिहावे, परंतु निदान आठवडाभर गुण देऊ नयेत.

टेलर स्विफ्टचा ‘द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट’ १९ एप्रिल २०२४ रोजी १६ गाण्यांसह आला आणि दोनच तासांनी आणखी १५ गाणी प्रसिद्ध होऊन तो ३१ गाण्यांचा, दोन तासांहून मोठा ऐवज झाला. ज्यांनी तोवर गुण देऊन टाकले असतील, त्यांचा निकाल अर्ध्या अल्बमवरचा ठरला. ज्यांनी जागरण करून सगळी गाणी एका बैठकीत ऐकली, त्यांनी शेवटची गाणी एकसुरी आहेत असे लिहिले, तर तो एकसुरीपणा गाण्यांचा होता की दमलेल्या कानांचा, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

काही अल्बम तर पहिल्या ऐकण्यात दाद लागूच देत नाहीत. कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेले संगीत, गाणाऱ्या विली नेल्सनचा १९७५ सालचा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ घ्या. गिटार, बहीण बॉबीचा पियानो, हार्मोनिका आणि मधली पुष्कळशी शांतता एवढ्यावर तो उभा आहे, इतका की कोलंबिया कंपनीच्या अधिकाऱ्यांना ते कच्चे ध्वनिमुद्रण वाटले होते. धर्मोपदेशकाची धून त्यात पुनःपुन्हा येते. पहिल्यांदा ऐकताना वाटते की गाणी कमी पडली म्हणून ती भरीला घातली असावी. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कथा ध्यानात येते: पत्नीला आणि तिच्या प्रियकराला ठार मारून हा उपदेशक परागंदा झाला आहे. मग लक्षात येते की धून तीच असली, तरी ती परत येते तेव्हा कथा पुढे सरकलेली असते, आणि आता तेच सूर अधिक जड वाटतात. पुढे हा अल्बम कंट्रीच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. पहिल्या रात्री मी त्याला किती गुण दिले असते, याचा विचारही मला नको वाटतो.

ज्यांचा व्यवसायच गुण देण्याचा आहे, त्या ‘पिचफोर्क’ या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने ऑक्टोबर २०२१ मध्ये आपण पूर्वी परीक्षण केलेल्या १९ अल्बमांचे गुण बदलले. लिझ फेअरच्या २००३ सालच्या अल्बमला दिलेला शून्य त्यांनी सहावर नेला. परीक्षण लिहिणाऱ्यांवर वेळेचा एवढा परिणाम होत असेल, तर चाहत्यांनी घाई का करावी?

बंडखोर कान

सुरावट यांनी मांडलेला मुद्दा पॉपच्या मोठ्या अल्बमांपुरता पटण्यासारखा असेल, पण पंकला, म्हणजे त्या वेगवान, ओबडधोबड रॉकला, तो लावला तर पंकचा प्राणच जाईल. रामोन्स या पंक बँडचा १९७६ सालचा पहिला अल्बम १४ गाण्यांचा आणि अर्ध्या तासाच्या आतला आहे. एका संध्याकाळी तो चार वेळा ऐकून होतो. ते संगीत तत्काळ अंगावर येण्यासाठीच रचलेले आहे, आणि आठवडाभर थांबून त्यावर सावकाश मत बनवणे म्हणजे ज्या गुणासाठी ते जन्माला आले, तोच गुण तपासायचा नाही असे ठरवण्यासारखे आहे.

त्याच वर्षी लंडनमध्ये मार्क पेरी या बँकेतल्या कारकुनाने ‘स्निफिन ग्लू’ हे पंकचे घरगुती नियतकालिक काढले. टंकलिखित मजकूर, जाड पेनाने हाताने लिहिलेले मथळे आणि झेरॉक्सच्या प्रती, असा सगळा मामला होता. त्यात व्याकरण सांभाळलेले नसे, पण काल ऐकलेल्या संगीताचा आवेग कागदावर जिवंत असे. पंकचा इतिहास लिहिणारे आज ही पाने आधी उघडतात, याचे कारण ती विचारपूर्वक लिहिलेली आहेत हे नसून ती लगेच लिहिलेली आहेत हे आहे.

शिवाय वेळ घेतल्याने मत शहाणे होतेच, असेही नाही. लेस्टर बँग्ज या नामांकित समीक्षकाने १९६९ मध्ये एमसी फाइव्हच्या पहिल्या अल्बमवर कठोर टीका केली आणि नंतर तो त्याच बँडचा चाहता झाला. त्याचे ते पहिले परीक्षण रागाने का होईना वाचले जाते, कारण त्या क्षणी एका माणसाला तो आवाज कसा लागला याची ती साक्ष आहे.

आणखी एक गोष्ट. व्यावसायिक परीक्षकांना अनेक अल्बम प्रकाशनापूर्वी ऐकायला मिळतात. चाहते आठवडाभर गप्प राहिले, तर पहिल्या दिवशी बोलणारे केवळ तेच उरतील ज्यांना कंपनीने आधी ऐकवले आहे. ही मुभा मी त्यांच्याकडे राहू देणार नाही.

काळी तबकडी

किती दिवसांनी लिहिले यापेक्षा कसे ऐकले हे सांगितले आहे का, हे मी आधी पाहतो. आपण रामोन्सचा उल्लेख केलात म्हणून सांगतो: त्या अल्बममध्ये बेस डाव्या बाजूला आणि गिटार उजव्या बाजूला ठेवलेले आहे. फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकणाऱ्याला दोन्हींचा मिळून एक गदारोळ ऐकू येतो, तर हेडफोनवर ऐकणारा डावा कान मोकळा करून बेस वगळून गिटार ऐकू शकतो. दोघांनी परस्परविरोधी परीक्षणे लिहिली तरी दोन्ही प्रामाणिक असतील. क्रमाचेही तसेच आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये गायिका अडेलच्या सांगण्यावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचे शफलचे (गाणी क्रम मोडून वाजवण्याचे) ठळक बटण हटवले, कारण गाण्यांचा क्रम कलाकाराने विचारपूर्वक लावलेला असतो. तेव्हा परीक्षणाच्या आरंभी कशावर, कोणत्या क्रमाने आणि किती वेळा ऐकले, हे एका वाक्यात लिहावे. मग गुण त्याच रात्री दिले तरी माझी हरकत नाही.

सुरावट

बंडखोर कान, साक्ष आणि निकाल यांत आपण गल्लत करत आहात. ‘स्निफिन ग्लू’ची पाने आजही वाचावीशी वाटतात ती त्यांतल्या वाक्यांमुळे. मी वाक्यांना कोठेच मनाई केलेली नाही. माझा आक्षेप आकड्याला आहे, कारण वाक्य वाचावे लागते आणि आकडा नुसता फेकता येतो. चाहत्यांच्या दोन गटांत जुंपते तेव्हा कोणीही दुसऱ्याचा परिच्छेद उद्धृत करत नाही.

याची झळ कुठवर पोहोचते ते पाहा. वर उल्लेखलेल्या स्विफ्टच्या अल्बमचे परीक्षण ‘पेस्ट’ नियतकालिकाने लेखकाचे नाव न देता छापले. २०१९ मध्ये तिच्या आधीच्या एका अल्बमवर लिहिणाऱ्याला वाचकांकडून हिंसेच्या धमक्या आल्या होत्या, असे कारण त्यांनी तेथेच दिले. गाण्यांवर मत दिले म्हणून एखाद्याला नाव लपवावे लागणे ही मला अत्यंत लाजिरवाणी गोष्ट वाटते, आणि मी स्वतः चाहता आहे म्हणून ती अधिकच लागते.

डोंगरवाट

मी कंट्री ऐकणारी आहे, आणि मला हा सगळा वाद चुकीच्या जागी चाललेला दिसतो. आमच्याकडे निकाल पहिल्या रात्री लागत नाही. तो अल्बम येण्यापूर्वीच लागलेला असतो. बियॉन्सेचा ‘काउबॉय कार्टर’ २९ मार्च २०२४ रोजी आला, पण ‘हे कंट्री आहे का?’ हा वाद त्याआधीच पेटला होता आणि त्यातल्या अनेकांना गाण्यांशी काही देणेघेणे नव्हते. २०१९ मध्ये लिल नास एक्स या गायकाचे गाणे, लोकप्रियतेच्या याद्या काढणाऱ्या ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाने कंट्रीच्या यादीतून काढून टाकले, तेव्हाही भांडण त्याच प्रश्नावर झाले. (अवांतर: पंकवाल्यांनी स्वतःला वेगळे समजू नये. कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या गिलमन स्ट्रीटवरील पंक क्लबात मोठ्या कंपन्यांशी करार केलेल्या बँडना मज्जाव होता, आणि ग्रीन डे या बँडचा ‘डुकी’ हा अल्बम फेब्रुवारी १९९४ मध्ये येण्याआधीच तिथल्या अनेकांच्या लेखी ते संपले होते.)

असे मन बनवलेला चाहता आठवडाभर थांबला काय आणि वर्षभर थांबला काय, त्याचे परीक्षण बदलणार नाही. त्याला वेळेची नव्हे, माहितीची गरज आहे. ‘काउबॉय कार्टर’मध्ये एका वृद्ध स्त्रीचा आवाज संगीतप्रकारांच्या चौकटींविषयी बोलतो. तो लिंडा मार्टेल यांचा आहे. ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्रीच्या नामांकित कार्यक्रमाच्या मंचावर एकट्याने गाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री त्याच. त्यांचा कंट्री अल्बम १९७० मध्ये आला आणि त्यानंतर त्यांची कारकीर्द जवळजवळ थांबली. हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या काही सेकंदांत अर्धशतकाची उपेक्षा ऐकू येते, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला ते दोन गाण्यांमधले भरताड वाटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच अल्बमला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे आणि सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचेही ग्रॅमी मिळाले, तरी ‘हे कंट्री नव्हेच’ असे म्हणणारे जागचे हलले नाहीत.

सुरावट

डोंगरवाट, लिंडा मार्टेल यांच्याबद्दल आपण जे लिहिलेत ते माझ्याच बाजूचे आहे असे मी मानतो. तो आवाज कोणाचा, हा प्रश्न पडणे, त्याचा शोध घेणे, १९७० सालचा तो अल्बम काढून ऐकणे आणि मग पुन्हा नव्या अल्बमकडे येणे, याला वेळ लागतो. पहिल्या रात्री गुण देऊन मोकळा झालेला माणूस या वाटेला सहसा जात नाही, कारण त्यानंतर त्याला आपला आकडा राखायचा असतो. ज्यांचे मन आधीच बनलेले आहे त्यांच्यावर माझ्याकडे उपाय नाही, हे मात्र खरे.

बंडखोर कान

गुण नकोत, हे मला तरीही मान्य नाही. समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाऊ यांनी १९६९ पासून अल्बमांना शालेय श्रेणी दिली आणि दोन-चार वाक्यांत कारण सांगितले. श्रेणी द्यायची असल्यामुळेच त्यांना कारण सांगावे लागले. चाहत्यांच्या लिखाणातला मोठा दोष घाई हा नसून भक्ती हा आहे. आकडा लिहायची वेळ आली की भक्तालाही क्षणभर थांबून विचार करावा लागतो, की मागच्या अल्बमपेक्षा हा खरोखर बरा आहे का.

आणि पहिला आठवडा सोडून देणे परवडणारे नाही, याचे कारण खपाच्या यादीच्या हिशेबात आहे. बिलबोर्डने डिसेंबर २०१४ मध्ये १,५०० स्ट्रीम (इंटरनेटवर गाणे एकदा वाजले की एक स्ट्रीम) म्हणजे एका अल्बमची विक्री असा हिशेब सुरू केला (हा आकडा पुढे बदलत गेला), आणि त्यात जितकी जास्त गाणी, तितके स्ट्रीम जास्त होण्याची सोय झाली. कंट्री गायक मॉर्गन वॉलेनचा २०२३ सालचा अल्बम ३६ गाण्यांचा आहे आणि २०२५ सालचा ३७ गाण्यांचा. त्याच प्रकारात गाणाऱ्या झॅक ब्रायनचा २०२२ सालचा अल्बम ३४ गाण्यांचा होता, पण तिथे मला लांबीचे कारण सापडते, कारण तो माणूस वहीत लिहावे तसे गातो आणि कच्ची पाने फाडत नाही. वॉलेनच्या अल्बमांत मला ते सापडत नाही. निम्मी गाणी वगळली असती तर उरलेली अधिक उठून दिसली असती. हे चाहत्याने शुक्रवारीच, गाण्यांची नावे घेऊन आणि खाली आकडा टाकून सांगायला हवे, कारण पुढच्या आठवड्यात यादी लागते आणि मग त्या ३७ गाण्यांची बाजू मांडायला विक्रीचा आकडा पुढे येतो. माझ्या आकड्याला सुरावट यांची हरकत आहे. त्या दुसऱ्या आकड्याला उत्तर कशाने द्यायचे, हे त्यांनी सांगावे.