अनुभव धागा: इन, आउट, अवे, ऑफ – माणूस आहे तरी कुठे?

सांजवारा
आज 'सर इज आउट ऑफ स्टेशन' असं वाक्य असलेली मेल लंडनला गेलेली पाहिली आणि हा जुना विषय पुन्हा वर आला. परदेशी लोकांशी ज्यांचं रोज बोलणं होतं, त्यांनी लिहा बरं. सुरुवात मी करते.

आधी चार शब्द पक्के करा. 'शी'ज आउट' म्हणजे बाहेर पडलीय, बहुधा आजच परतेल, दुपारी पुन्हा फोन करायला हरकत नाही. 'शी'ज अवे' म्हणजे गावाला गेलीय, निदान एक रात्र तरी नाही. तिथे दुपारी फोन करून उपयोग नाही, कधी येणार ते विचारा. 'शी'ज ऑफ टुडे' म्हणजे आज कामावर नाही, घरी असेलही. आणि 'शी'ज इन' म्हणजे तुम्ही जिथे फोन लावलात तिथे आहे. घरी लावला तर घरी, ऑफिसात लावला तर ऑफिसात. जागा त्या शब्दातच आली, म्हणून पुढे काही जोडायचं नसतं. 'ही इज इन होम' चुकतं ते इथेच. एकतर 'ही'ज इन', नाहीतर 'ही'ज अ‍ॅट होम'.

'आउट ऑफ स्टेशन' इंग्रजांच्याच अमदानीतलं. साहेबाची नेमणूक जिथे, ते त्याचं स्टेशन. आपल्याकडे टिकलं, तिकडे आज वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रेल्वे स्टेशन येतं. सरळ 'अवे' लिहा.

जर्सीकर
छान धागा. अमेरिकेत थोडं वेगळं चालतं, तेवढं लक्षात असू द्या. इथे 'आयॅम आउट टुमॉरो' म्हणजे सरळ रजा. ब्रिटनचा माणूस त्यासाठी 'ऑफ' म्हणेल. टीममध्ये दोन्हीकडचे असतील तर 'ऑन लीव्ह' लिहावं, कुणालाच शंका येत नाही.
आणि नुसतं 'आयॅम ऑफ' म्हणत कुणी उठलं तर तो निघालाय, रजेवर नाही. बरोबर वार किंवा 'टुडे' असेल तर रजा, 'टू' आणि गावाचं नाव असेल तर प्रवास.
घरी येणार असेल तर इथला माणूस 'आय'ल बी ओव्हर' म्हणतो, ब्रिटिश 'आय'ल बी राउंड'. अर्थ एकच, चहा टाका.

मोगरा७
आणि ते 'आउट फॉर लंच' की 'आउट टू लंच'? घाईत आहे, कुकर लावलाय.

सांजवारा
@मोगरा७ जेवायला बाहेर गेले असतील तर दोन्ही चालतात. पण 'आउट टू लंच'चा दुसरा अर्थ 'याचं डोकं ठिकाणावर नाही' असाही होतो. साहेबांबद्दल सांगताना 'अ‍ॅट लंच' म्हणा, सुरक्षित.

लीड्सची_वैनी
इथल्या हॉस्पिटलात नव्याने येणाऱ्या आपल्या मुलींसाठी लिहितेय. 'शी'ज ऑन' म्हणजे ड्यूटीवर, 'ऑफ' म्हणजे ड्यूटी नाही, 'ऑफ सिक' म्हणजे आजारपणाची रजा, 'ऑन नाइट्स' म्हणजे रात्रपाळ्या चालू आहेत. पेशंट 'डाउन इन थिएटर' म्हणजे ऑपरेशनला नेलाय. थिएटर वरच्या मजल्यावर असलं तरी तोंडात 'डाउन'च येतं, जिना शोधत बसू नका. 'अप अँड अबाउट' म्हणजे उठून हिंडूफिरू लागला.
'अप'ची गंमत घरीही आहे. 'इज शी अप?' म्हणजे उठली का? रात्री 'शी'ज स्टिल अप' म्हणजे अजून जागी आहे. सकाळी 'शी'ज नॉट डाउन येट' म्हणजे वरच्या खोलीतून अजून खाली आली नाही. इथल्या दुमजली घरांत झोपायच्या खोल्या वर असतात, त्यावरून.
नातेवाइकांच्या फोनवर नुसतं 'ही'ज गॉन' कधीही म्हणू नका गं. ऐकणाऱ्याच्या काळजात चर्र होतं. 'ही'ज गॉन होम' असं पूर्ण बोला.

गोदाकाठ
वैनी, शेवटची सूचना फार मोलाची. भाचीला पाठवतो.

लोकलवाला
अप-डाउन आमचा प्रांत. मुंबईत सीएसएमटी किंवा चर्चगेटकडे जाणारी ती अप, कल्याण-विरारकडची डाउन. ही पद्धत ब्रिटिश रेल्वेची, तिथे लंडनकडे जाते ती अप. चढउताराशी संबंध नाही. म्हणून उत्तरेकडून लंडनला येणारी गाडी नकाशावर खाली येत असली तरी 'अप'च.
बोलण्यात मात्र आज बरेच जण नकाशा पाहतात: अप नॉर्थ, डाउन साउथ. ऑक्सफर्ड-केंब्रिजचं निराळंच. विद्यापीठात असणं म्हणजे 'अप', कुठूनही या. 'सेंट डाउन' म्हणजे काढून टाकला.

जर्सीकर
मॅनहॅटनमध्ये उत्तर म्हणजे अपटाउन, दक्षिण म्हणजे डाउनटाउन. सबवेत शिरण्याआधी जिन्यावरची पाटी वाचा. काही स्टेशनांत चुकीच्या बाजूने आत गेलात तर बाहेर येऊन पुन्हा भाडं भरावं लागतं.

लोकलवाला
म्हणजे आतून पूल नाही? दादरला सवय झालेल्यांचे हाल आहेत.

शब्दवेल्हाळ
स्कॉटलंड राहिलं. एडिंबरोची माणसं ग्लासगोला 'थ्रू' जातात, अपही नाही नि डाउनही नाही. शेजारच्या खोलीलाही तेच: 'शी'ज थ्रू इन द किचन'.
आणि 'ही'ज इनसाइड' जरा जपून. घरात आहे असाही अर्थ होतो आणि तुरुंगात आहे असाही.

मोगरा७
कुकर झाला. सांजवाराताई, रजेवर जाताना मेलला काय लावू? 'अवे अंटिल मंडे' बरोबर आहे ना?

सांजवारा
व्याकरण बरोबर, पण सोमवारी तू आहेस की नाहीस ते कळत नाही. 'बॅक ऑन मंडे' लिही आणि पुढे तारीख टाक. महिना अक्षरांत लिही, आकड्यात नको. ५/६ म्हणजे आपल्याकडे ५ जून, अमेरिकेत ६ मे.