बोटीच्या बुडाचा जुना रंग पूर्ण खरवडू की वरूनच नवीन हात मारू?

खाडीकाठचा
नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत २४ फुटी फायबरची बोट सेकंडहँड घेतली, पर्यटक फिरवायला, देवबागला कर्ली खाडीत असते. कागदावर २००५ ची आहे. आता सीझन संपत आला म्हणून परवा भरतीला वर ओढली आणि बूड बघून कपाळावर हातच मारला. आधीच्या मालकाने दरवर्षी जुन्यावर नवीन असाच रंग मारत नेलाय, लाल, मग निळा, परत लाल, मध्येच कुठेतरी हिरवा पण दिसतो, किती थर आहेत देव जाणे. नाळेकडे (पुढच्या टोकाला) अंड्याच्या टरफलासारखे पापुद्रे सुटतायत आणि मागच्या बाजूला मात्र दगडासारखा घट्ट, वर बार्नॅकलची, म्हणजे बुडाला चिकटणाऱ्या कडक कवचाच्या जीवांची, खरखर वेगळीच.

गावातला रंगारी म्हणतो ग्राइंडर लावून दोन दिवसात पांढरी करून देतो, २० हजार. शेजारी म्हणतो कॉस्टिक सोडा फास. मेव्हणा म्हणतो ब्लो टॉर्च मार, रंग आपोआप फुगून येईल. तिघांच्याही बोटी नाहीत हे विशेष 😀

तर प्रश्न दोन. एक, सगळा काढायलाच हवा का? दोन, काढायचा तर कशाने? पाऊस यायच्या आत उरकायचंय.

हर्णैवाला
भाऊ आधी त्या ग्राइंडरवाल्याला नाही सांगा. फायबरच्या वर जे जेलकोट असतं ते जेमतेम अर्धा मिलिमीटर, एवढंच धरा. ग्राइंडरचं चाक रंगावरून जेलकोटात कधी घुसलं ते धरणाऱ्याला कळतच नाही. आमच्या चुलतभावाच्या बोटीला असंच केलं, लांबून बघितलं तर पांढरीशुभ्र, जवळ गेलं की ताटाएवढे खळगे आणि चार ठिकाणी काचेची मॅट उघडी. रंग काढायचे पैसे गेले आणि मग जेलकोट भरायचे त्याच्या तिप्पट गेले.

मी दोन बोटींची बुडं हाताने काढलीत, कंटाळवाणं काम आहे पण बोट वाचते. कार्बाइड पात्याचा स्क्रेपर घ्या, अडीच इंची, लांब दांड्याचा, नाही मिळाला तर सुताराकडून रंध्याचं जुनं पातं घेऊन त्याला मूठ बसवा. पात्याचे दोन्ही कोपरे डायमंडच्या कानशीने गोल करून घ्या, हे विसरलात तर प्रत्येक फटक्याला एक ओरखडा पडणार. आणि ढकलायचं नाही, आपल्याकडे ओढायचं. नाळेकडचे पापुद्रे तर असेच धबाधब पडतील. मागचा घट्ट भाग राहील त्याला ८० नंबरचा वॉटर पेपर, पाणी मारत मारत. २४ फुटीला दोन माणसं धरली तर चार-पाच दिवस जातात, खांदे दुखतात ते वेगळं.

बार्नॅकल मात्र बोट ओली असतानाच काढायची होती, बाहेर काढल्या काढल्या प्रेशर मारला की निम्मं काम तिथेच होतं. आता वाळून गोल चकत्या चिकटून राहिल्या असतील. त्यावर पातळ केलेलं संडासचं ॲसिड ब्रशने लावा, फसफसून मऊ पडतात, लगेच भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे आणि चष्मा घालून.

रंगवाला_पुणेकर
माझी स्वतःची बोट नाही पण आयुष्य रंगाच्या धंद्यात गेलं म्हणून थोडं लांबलचक लिहितोय, चालवून घ्या.

काढायचा की नाही ते आधी रंगाला विचारा. ओलं पांढरं फडकं घेऊन बुडावर जोरात घासा. फडक्याला रंग लागला तर तो झिजत जाणारा प्रकार, तो सहसा जाड थर करत नाही, सुटलेला तेवढा काढून वरून मारला तरी चालतं. काहीच लागलं नाही तर कडक प्रकार, आणि कडक रंगाचे थर वर्षानुवर्षं साठले की एक दिवस स्वतःच्याच वजनाने पापुद्रे धरतात, तुमच्या नाळेकडे तेच झालंय. दुसरी परीक्षा थिनरची. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं दोन-तीन मिनिटं दाबून धरा, रंग मऊ झाला तर साधा एकपुडी रंग, ढिम्म हलला नाही तर खाली दोनपुडी (दोन भाग मिसळून लावायचा) इपॉक्सी वगैरे असणार. तो घट्ट बसलेला असेल तर त्याला कशाला हात लावता, तोच तुमचा उत्तम पाया आहे.

कॉस्टिक फायबरला अजिबात नको. बोटीचं रेझिन पॉलिस्टर असतं, अल्कली ते हळूहळू खाते. दुकानातला साधा पेंट रिमूव्हर पण नको, त्यात मेथिलिन क्लोराइड असलं तर रंगाबरोबर जेलकोटही मऊ पडतं, शिवाय त्याची वाफ शरीरात गेली की रक्तात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, अमेरिकेत बंद बाथरूममध्ये टब खरवडताना माणसं मेलीत याने. आणि ब्लो टॉर्च... मेव्हण्यांना नमस्कार सांगा. जुन्या थरात शिसं असेल तर त्याचा धूर तुमच्या छातीत, आणि खाली रेझिन जळणार.

आता मुख्य गोष्ट. हा लाल रंग लाल का असतो? त्यात बुडाला बार्नॅकल-शेवाळ धरू नये म्हणून क्युप्रस ऑक्साइड म्हणजे तांबं असतं, बऱ्याच रंगांत वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. तांब्याची कल्पना जुनी आहे, १७६१ मध्ये ब्रिटिशांनी एचएमएस अलार्म या युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले होते, नंतर पत्र्याची जागा रंगाने घेतली. आणि जुन्या थरांमध्ये कथिलाचं संयुग, टीबीटी, असू शकतं. फ्रान्समध्ये आर्काशों नावाची खाडी आहे, कालवांची शेती, ७० च्या दशकाच्या शेवटी तिथली कालवं वाकडीतिकडी जाड शिंपल्यांची व्हायला लागली, पिल्लं जगेनात. शेवटी कारण निघालं बोटींच्या बुडाचा रंग. १९८२ मध्ये फ्रान्सने २५ मीटरपेक्षा लहान बोटींना तो बंद केला, जगभरचा करार लागू व्हायला २००८ उजाडलं. तुमची बोट २००५ ची, म्हणजे तळाचे थर कसले आहेत काही सांगता येत नाही. तुमच्या खाडीत ओहोटीला बायका कालवं, मुळे (शिंपल्या) काढायला उतरत असतील ना? खरवड त्यांच्या टोपलीत जायला नको.

म्हणून कोरडं घासू नका, धूळ उडवू नका. खाली ताडपत्री, तिच्या कडा उचलून विटा लावा म्हणजे पाणी खाडीकडे वाहणार नाही. तोंडाला रुमाल बांधून उपयोग शून्य, गोल गुलाबी फिल्टरवाला रेस्पिरेटर मिळतो तो घ्या. आणि ते कपडे घरी नेऊन पोरांच्या कपड्यांबरोबर धुवू नका.

मांडावरचो_दादा
माका विचारशीत तर एवढी झकमारी कित्याक रे बाबा. आमच्या लाकडाच्या होडयेक काजीचा तेल नायतर माशाचा तेल लावायचे आणि मिरगाआधी वर ओढून शाकारून ठेवायचे, चार म्हयने होडी सुकायची, भितुरचा किडासुद्धा मरायचा. पण ता लाकूड, तुझा फायबर, तेव्हा वरचे दोघे सांगतत तसाच कर.

फक्त एक सांगतंय. सगळो रंग काढून इपॉक्सी मारूचो विचार असलो तर आत्ताच, मे मध्येच मार. जूनात हवा एवढी ओली की इपॉक्सी वर मेणासारखी चिकट पडता, दुसरो हात बसणाच नाय. आणि शेवटचो तांब्याचो हात मात्र पाण्यात ढकलूच्या आधीच मार, आत्ता मारून तीन म्हयने सुकवत ठेवू नको. डब्यार किती दिवसात पाण्यात जाऊक व्हयी ता लिवलेला असता, ता वाच.

खाडीकाठचा
सगळ्यांचे आभार, दादा तुमचे विशेष 🙏 फडकं-परीक्षा केली. काहीच लागलं नाही, म्हणजे कडक. थिनरने वरचा लाल आणि निळा मऊ झाला, सगळ्यात खालचा राखाडी थर हलला पण नाही. मग त्या राखाडीपर्यंत काढून थांबू? आणि तोच तांब्याचा रंग आउटबोर्डच्या (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाच्या) पायाला पण मारला तर चालेल का, डब्यात उरणारच आहे.

हर्णैवाला
आउटबोर्डला नाही!!! पाय अॅल्युमिनियमचा, त्यावर तांबं आणि खारं पाणी म्हणजे घरची बॅटरीच, पाय पोखरून निघतो. त्याला तांब्याशिवायचा वेगळा रंग मिळतो, नाहीतर सरळ इंजिन वर उचलून ठेवायची सवय लावा. राखाडीपर्यंत थांबायचं बरोबर आहे, तो प्रायमर दिसतोय.

रंगवाला_पुणेकर
राखाडीवर थांबाच. फक्त उघडा पडला की नखाने सगळीकडे चाचपून बघा, फोड असतील तर एक टाचणीने फोडून वास घ्या. आंबट, व्हिनेगरसारखा आला तर पाणी जेलकोटाच्या आत शिरलंय, मग तेवढा भाग उघडून वाळवावा लागेल. थोडे असतील तर घाबरू नका.

खाडीकाठचा
आठ दिवसांनी अपडेट. मी आणि भाचा, साडेपाच दिवस लागले, भाचा आता माझ्याशी बोलत नाही. कोपरे गोल करूनही तीन ओरखडे पडले, तिन्ही माझे. डाव्या बाजूला हातभर लांब जुना पॅच निघाला, आधीच्या मालकाने कुठेतरी खडकावर घातली असणार आणि मला विकताना एक शब्द बोलला नाही. फोड निघाले नऊ, पॅचच्या आसपासच, आंबट वास दोघांनाच आला. ते उघडून ठेवलेत, ऊन कडक आहे तोवर वाळतील असं वाटतंय, मग भरून घेतो.

रंगाऱ्याने येऊन बघितलं आणि म्हणाला, एवढं कोण करतं.

ताडपत्रीवरची खरवड गोळा केली तर सिमेंटच्या दोन गोणी भरल्या. इतकं वजन घेऊन मी पर्यटक फिरवत होतो. आता या गोण्यांचं काय करू? कचऱ्याच्या गाडीवाला नको म्हणाला आणि माडात पुरायला मन होत नाही, तिथेच विहीर आहे.

रंगवाला_पुणेकर
पुरू नका आणि जाळू तर अजिबात नका. झाकणाचा प्लास्टिक ड्रम घ्या, कोरडं भरून बंद करा, वर रंगाची खरवड असं लिहून छपराखाली ठेवा. मालवणात बोटी दुरुस्त करणारे आणखी लोक असतील, चार-पाच जणांचे ड्रम एकत्र झाले तर घातक कचरा नेणारी गाडी बोलावता येते, एकट्यासाठी कोणी येत नाही.

मांडावरचो_दादा
माझ्याकडे पण एक गोण आसा, मागल्या वर्साची. ड्रम मोठो घे.