कौलारू घर गळतंय, पण नेमकं कुठून ते सापडत नाही

राजापूरजवळ आजोबांचं जुनं घर आहे, मंगलोरी कौलं. गेल्या पावसात माजघरात बादली लावावी लागली, पण बरोबर वरचं कौल तर धड दिसतंय! काका म्हणतात सगळं काढून पत्रे टाक. खरंच गरज आहे का?

— पत्रे नको हो, उन्हाळ्यात भाजून निघाल. पाणी वाशावरून, म्हणजे छपराच्या तिरक्या लाकडावरून, घरंगळत खाली येतं, त्यामुळे थेंब पडतो तिथंच भोक असेल असं नाही. त्या वाशावर काळा ओघळ असेल तो धरून आढ्याकडे, म्हणजे छपराच्या माथ्याकडे, बघत जा. भर दुपारी लाईट बंद करून आत उभे राहिलात की उन्हाची तिरीप दिसेलच, तिथलं कौल तडकलंय नाहीतर माकडांनी सरकवलंय.

— आणि आढ्यावरच्या कोन्यांचं (माथ्यावर बसवलेल्या कौलांचं) सिमेंट बघा, आमच्याकडे तिथेच चीर होती. कौलांच्या खाचेत पाला साचला तरी पाणी उलटं आत येतं. कौलांखालच्या रिपा (लाकडी पट्ट्या) सुरीने टोचून बघा, मऊ लागल्या तर बदला. वर स्वतः चढू नका, शेवाळ असतं.

— तिरीप सापडली! थेंबापासून चांगली चार हात वर. मे महिन्यात दुरुस्तीला माणूस बघतो, काकांना मात्र पटत नाहीये अजून.