काळप्रवासाच्या गोष्टी पोरांना द्यायच्या की नाही?

निपाणीची आई: ‘काळयंत्र म्हणजे विज्ञानाचा सदरा घातलेली जादू, पोरांच्या हातात देऊ नका’ असं मास्तरांनी काल लिहिलं. वाचून डोकंच फिरलं. मास्तर, पुढच्या काळात जाणं ही जादू नव्हे. १९७१ साली आण्विक घड्याळं विमानातनं पृथ्वीभोवती फिरवली, तर जमिनीवरच्या घड्याळांशी मेळ बसेना. फरक नॅनोसेकंदांचा, पण आइन्स्टाइनच्या गणितात बसणारा: वेग आणि गुरुत्वाकर्षण बदललं की वेळेची चालही बदलते. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं रोज ३८ मायक्रोसेकंद पुढं पळतात. ती दुरुस्ती नसती तर मोबाईलचा नकाशा दिवसात दहाएक किलोमीटर चुकला असता. पाचवीतल्या माझ्या पोरानं असली गोष्ट वाचून विचारलं, ‘मी कालच्यात गेलो तर घरात दोन मी असणार काय?’ कुठल्या धड्यानं हा प्रश्न पाडला असता, सांगा.

येळ्ळूरचे मास्तर: ताई, विज्ञानच शिकवतो मी. पण गोष्टीतली पोरं पुढं जातात कुठं? सगळी मागंच पळतात, रायगडावर नाहीतर पानिपतावर. मागं जाता येतं याचा एक पुरावा नाही. नातवानं आजोबांचं लग्नच मोडलं तर नातू आला कुठनं? लेखक बटण दाबतो आणि सुटतो.

खानापूरकर: रायगड, पानिपत, नाहीतर पुण्यातला वाडा! आमच्या पोरांच्या पायाखाली इतिहास नाही काय? गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष एकदाच झाले, १९२४ साली, इथं बेळगावात. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्याच अधिवेशनासाठी खणलेली. पोरं तिच्यावरनंच शाळेला जातात. तिथं उतरवा की यंत्र.

शहापूरचा नातू: १९२४ कशाला? १९५६ ला न्या. १ नोव्हेंबरला आम्हा बेळगावच्या मराठी लोकांना म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात घातलं, विचारलं कुणी?

येळ्ळूरचे मास्तर: झालं! विज्ञानकथेचा सीमालढा केला.

शहापूरचा नातू: तुम्ही बोलता हे? २०१४ ला तुमच्याच गावच्या लोकांनी ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेल्या गावच्या फलकासाठी लाठ्या खाल्ल्या. माझे आजोबा छप्पनच्या आंदोलनात होते. ते दिवस पोरांना दिसायला नकोत?

निपाणीची आई: दिसू देत की. पण पोरानं तिथं जाऊन निकालच फिरवला, असं लिहिलंत तर मास्तरांचंच खरं ठरेल. त्यानं बघावं, ऐकावं, हात घातला तर काय बिघडतं ते भोगावं. आणि सोबत कन्नड मित्र असू दे. माझ्या पोराच्या बाकावर तोच बसतो.

शहापूरचा नातू: मित्राचं नंतर बघू. मराठी शाळांचे पट घसरलेत, ही गोष्ट वाचणार कोण?

येळ्ळूरचे मास्तर: पटाचं मला नका सांगू, पोरं गोळा करत दारोदार मीच फिरतो. बरं, ताईंच्या घड्याळांपुरतं मान्य. प्रकाशाच्या वेगाजवळ जाणाऱ्या यानाची गोष्ट द्या, शनिवारी वर्गात वाचतो. छप्पनची आधी मला दाखवा. यंत्राचे नियम पहिल्या पानावर नसले तर परत पाठवीन.

शहापूरचा नातू: पाठवा. नियमांसकट पुन्हा लिहीन.