बारसं मंगळवारी, गाडी सकाळची: ब्रिस्टॉल ते न्यूकॅसल तिकीट स्वस्तात कसं काढायचं?

ब्रिस्टॉलहून, शनिवार रात्री

नमस्कार मंडळी,

आधी आनंदाची बातमी. न्यूकॅसलच्या आमच्या धाकट्या दिरांना काल मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

आता अडचण. बारसं बाराव्या दिवशीच करायचं असं सासूबाईंचं म्हणणं आहे आणि मलाही ते मोडवत नाही. बारावा दिवस येतो मंगळवारी. पाळणा दुपारी चारला. आम्ही पाच जण निघणार: आम्ही दोघं, सात वर्षांचा मुलगा, सासूबाई (64) आणि सासरे (69). साडेआठच्या सुमाराची थेट गाडी दीडच्या आसपास पोचते. त्यानंतरची घेतली तर धावतपळत जाऊन पाळण्याची दोरीच हातात धरायची, आणि सासूबाईंना तर पाळणा स्वतः सजवायचा आहे.

बाळ कुणाला तारीख विचारून येत नाही, त्यामुळे बारा आठवडे आधी बुकिंग वगैरे प्रश्नच नव्हता. आज पाहिलं तर त्या गाडीची ॲडव्हान्स तिकिटं (आधी काढायची, त्याच गाडीपुरती, स्वस्त) संपलेली. उरलं एनीटाइम, म्हणजे कुठल्याही वेळी चालणारं महागडं तिकीट. पाच जणांची बेरीज पाहिली आणि लॅपटॉप मिटून ठेवला. कारने जायचं तर बाबांची (सासऱ्यांची) कंबर तेवढा वेळ बसू देणार नाही. सकाळच्या गर्दीच्या वेळीच जायचं असेल तर काही मार्ग निघतो का? ज्यांचं असं येणंजाणं असतं त्यांनी कृपया सांगावं.

—

सोलिहलचे काका, रविवार सकाळी

ताई, अभिनंदन! आजी-आजोबांनाही आमचा नमस्कार सांगा.

मार्ग आहे. फक्त एक गोष्ट नीट समजून घ्या, बाकी सगळं त्यातून आपोआप सुटतं. 'पीक'ची, म्हणजे गर्दीच्या वेळेची, अट गाडीला नसते, तिकिटाला असते. आणि तिकीट जिथून सुरू होतं, तिथून ती गाडी किती वाजता सुटते हे बहुतेकदा पाहिलं जातं. तुमची गाडी ब्रिस्टॉलहून साडेआठला सुटते म्हणून ब्रिस्टॉल–न्यूकॅसल या सबंध तिकिटाला पीकचा दर लागतो. पण हीच गाडी बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटला दहाच्या सुमारास येते. तिथून न्यूकॅसलचं तिकीट घेतलं तर त्या तिकिटाच्या दृष्टीने प्रवास दहाला सुरू होतो, म्हणजे ऑफ-पीक (गर्दीची वेळ सोडून, स्वस्त). महागडं एनीटाइम हवं फक्त ब्रिस्टॉल–बर्मिंगहॅमपुरतं, दीड तासाचं. उरलेल्या साडेतीन तासांना पीकचे पैसे कशाला भरायचे?

याला स्प्लिट तिकीट म्हणतात. ही पळवाट नाही. नॅशनल रेलच्या प्रवासाच्या अटींमध्ये 14 व्या कलमात याला सरळ परवानगी दिलेली आहे. चोरून काही करतोय असं मनात आणू नका. मी इतकी वर्षं करतोय.

कुठे तोडायचं हे मात्र डोकं लावून ठरवा. चेल्टनम स्पाला ही गाडी नऊच्या पुढे पोचते. ऑफ-पीक काही मार्गांवर नऊला लागतं, काहींवर साडेनऊला, आणि हे प्रत्येक तिकिटागणिक वेगळं असतं. तिकिटाला 'रेस्ट्रिक्शन कोड' असतो. नॅशनल रेलच्या साइटवर तो उघडला की वेळ स्पष्ट दिसते. चेल्टनमहून चालत असेल तर तिथेच तोडा, एनीटाइमचा तुकडा आणखी लहान होईल. नसेल तर बर्मिंगहॅम आहेच.

हे असं का झालं तेही सांगतो, कारण बरेच जण मला विचारतात. 1993 च्या कायद्याने रेल्वेचं खाजगीकरण झालं तेव्हा लांब पल्ल्याच्या 'सेव्हर' परतीच्या तिकिटावर सरकारी नियंत्रण राहिलं. 2008 मध्ये त्याचंच नाव ऑफ-पीक झालं. लांब पल्ल्याच्या एनीटाइमला तसं बंधन नाही, ते कंपन्यांनी वाढवत नेलं. त्यामुळे एकाच गाडीत, एकाच सीटवर, नऊच्या अलीकडे आणि पलीकडे एवढी दरी पडते. ज्यांना कामाला किंवा हॉस्पिटलला वेळेवर पोचायचंच असतं त्यांनी सगळ्यात जास्त भरायचं, हे मला आजही पटत नाही.

—

डर्बीहून, रविवार दुपारी

काकांचं सगळं बरोबर आहे. एक धोक्याची सूचना तेवढी जोडतो, कारण मला त्याचा फटका बसलेला आहे.

जिथे तिकीट तोडाल तिथे गाडी थांबली पाहिजे. तुम्ही उतरायची गरज नाही, पण गाडीचा तिथे थांबा हवा. दोन वर्षांपूर्वी मी बर्टन-ऑन-ट्रेंटला तोडलं होतं. माझी गाडी तिथे थांबणारी होती. ती डोळ्यांदेखत चुकली, मी मागची जलद गाडी पकडली, आणि ती बर्टनला न थांबता निघून गेली. दोन्ही तिकिटं हातात, दोन्हींचे पैसे भरलेले, तरी त्या गाडीत ती चालत नव्हती. नवं तिकीट काढावं लागलं. तपासनीस सभ्य होते, त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

तेव्हा तोडताना मोठं स्टेशन निवडा. या मार्गावर बर्मिंगहॅम, डर्बी, शेफील्ड, लीड्स, यॉर्क. शिवाय आपली गाडी हुकली तर पुढची तिथे थांबते का, हे आदल्या रात्रीच पाहून ठेवा.

दुसरं, पैशांचं. स्प्लिट शोधून देणाऱ्या साइट्स आहेत आणि त्या कामाच्या आहेत, पण बऱ्याचशा फी घेतात किंवा वाचलेल्या पैशांतला वाटा घेतात. मी तिथे फक्त कुठे तोडायचं ते पाहतो. मग तीच दोन तिकिटं रेल्वे कंपनीच्या स्वतःच्या साइटवर वेगवेगळी काढतो, तिथे बुकिंग फी नसते. पाच जणांच्या तिकिटांत हाही फरक जाणवतो.

—

ब्रिस्टॉलहून, रविवार रात्री

काका, दादा, मनापासून आभार. मघाशी बाबांना समजावून सांगत होते तर ते म्हणाले, "म्हणजे बर्मिंगहॅमला सामान घेऊन खाली उतरायचं आणि पुन्हा चढायचं?" नाही म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसेना. परक्या देशात नियम मोडला तर काय, ही त्यांची खरी काळजी आहे. आणि गाडीला उशीर झाला तर? दोन तिकिटं म्हणजे दोन प्रवास धरले गेले तर भरपाई मिळते का?

सोबत डिंकाच्या लाडवांचे दोन डबे, पाळण्याचं कापड आणि चांदीचं वाळं-कडदोरं असणार आहे. उतरचढ खरंच नको.

—

लीड्सच्या मावशी, सोमवार सकाळी

अगं, बाबांना सांग, बसल्या जागेवरून हलायचं नाही. माझे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा आम्हीही असंच तिकीट काढलं होतं. तिकिटावर 'बर्मिंगहॅम' छापलेलं वाचून ते न्यू स्ट्रीटला टोपी घालून, पिशवी खांद्याला लावून उभे राहिले. मी दोन सीट मागे होते. गर्दीतून त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत ते दाराशी गेले होते. तेव्हापासून मी वडीलधाऱ्यांच्या हातात कागद देताना दोन्ही तिकिटं एका पाकिटात घालते आणि वर मराठीत लिहिते: 'उतरायचं स्टेशन न्यूकॅसल'. तूही लिही.

एनीटाइम आणि ऑफ-पीकवर सीट फुकट राखता येते. दोन्ही तिकिटांना एकच डबा आणि त्याच सीट मिळतात का बघ. त्या गाड्या बहुतेक चार-पाच डब्यांच्याच असतात आणि भरून येतात. आरक्षणाशिवाय आजोबांना पाच तास उभं करू नकोस.

आता रेलकार्डाचं, कारण याबद्दल अजून कुणी बोललं नाही आणि तुझे खरे पैसे इथे वाचणार आहेत. हे सवलतीचं कार्ड. बहुतेक कार्डं 35 पौंडांना, वर्षभराची, आणि भाड्यात एक तृतीयांश सूट. म्हणजे 105 पौंडांच्या तिकिटांत कार्ड फिटतं. पण सगळी कार्डं सकाळी चालत नाहीत. 'टू टुगेदर' (दोघांनी एकत्र जायचं कार्ड) सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालतच नाही. 'सीनियर' 60 वर्षांपुढच्या कुणालाही मिळतं, इथे राहणारेच असायला हवेत असं नाही, पासपोर्ट दाखवला की झालं. आणि त्याला सकाळची बंदी आहे ती लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या आतल्या प्रवासापुरती. तुमच्या मार्गावर साडेआठलाही चालेल.

पण दोन सीनियर घ्यायच्या आधी थांब. तुमच्याबरोबर सात वर्षांचा मुलगा आहे. 'फॅमिली अँड फ्रेंड्स' या एकाच कार्डावर चार मोठी आणि चार मुलं जातात. मोठ्यांना एक तृतीयांश सूट, 5 ते 15 वर्षांच्या मुलांना 60 टक्के. आई-बाबा धरून तुम्ही बरोब्बर चार मोठी आहात! सकाळची बंदी त्यालाही लंडनकडेच आहे. म्हणजे 35 पौंडांत पाचही जण. अट एवढीच की मूल सगळा प्रवास बरोबर हवं आणि ज्याच्या नावावर कार्ड आहे तोही.

—

सोलिहलचे काका, सोमवार संध्याकाळी

मावशींनी माझ्या तोंडातला घास घेतला, पण बरं झालं. फॅमिली कार्ड मला सुचलंच नव्हतं.

उशिराचं सांगतो. दोन तिकिटं असली तरी प्रवास एकच धरतात. 'डिले रिपे'चा (उशिराच्या भरपाईचा) दावा सगळी तिकिटं एकत्र जोडून, ज्या कंपनीमुळे उशीर झाला तिच्याकडे करायचा. पुढे कधी गाडी बदलून जाल आणि दुसरा तुकडा ॲडव्हान्सचा असेल, तर पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तरी पुढच्या गाडीने जाता येतं. फक्त बदलायला ठरलेला किमान वेळ सोडलेला हवा. बऱ्याच स्टेशनांवर तो 5 मिनिटं असतो, मोठ्यांवर जास्त. तिथल्या कर्मचाऱ्याकडून तिकिटावर तसं लिहून घ्या, म्हणजे वाद नको.

एक विचारायचं राहिलं. परत कधी येणार, आणि सगळे एकत्रच ना? लांब पल्ल्याला ऑफ-पीकचं परतीचं तिकीट एकेरीपेक्षा बरेचदा थोडंच महाग असतं आणि परत यायला महिनाभराची मुदत मिळते. तुम्ही तिघं बुधवारी-गुरुवारी परतणार असाल तर परतीचंच घ्या. परतीच्या भागालाही वेळेची अट असू शकते, कोड तिथेही वाचा.

—

ब्रिस्टॉलहून, सोमवार रात्री

काका, हेच विचारलंत ते बरं केलंत. जाऊबाईंची आई पुढच्या आठवड्यात परत जाते, मग सासूबाई-सासरे महिना-दीड महिना तिथेच राहणार. आम्ही तिघं गुरुवारी येऊ. मी पाचही जणांचं परतीचं काढायला निघाले होते!

—

लीड्सच्या मावशी, सोमवार रात्री

आई-बाबांचं एकेरीच काढ. परतीला मूल बरोबर नाही, म्हणजे फॅमिली कार्ड त्यांना चालणार नाही, आणि महिन्याची मुदतही कदाचित उलटून जाईल. त्यांचं येणं दुपारच्या गाडीने ठेव, मंगळवार किंवा बुधवार. अजून पाच-सहा आठवडे आहेत, ॲडव्हान्स आजच शोधायला घे. तारीख नक्की नसली तरी हरकत नाही: ॲडव्हान्सचे पैसे परत मिळत नाहीत, पण गाडी सुटायच्या आधी बदलाची फी लागत असेल तर ती आणि भाड्यातला फरक भरून बदलता येतं.

दुपारच्या गाडीला सकाळी साडेनऊच्या अटीची अडचण नाही, तेव्हा दोघांना मिळून एकच 'टू टुगेदर' पुरेल, दोन सीनियर नकोत. तेही घ्यायच्या आधी हिशेब कर. दोघांचं पूर्ण भाडं 105 च्या आत बसत असेल आणि आणखी कुठे फिरायचं नसेल तर कार्डाशिवायच काढ. त्यांना लंडन-एडिंबरा दाखवणार असलीस तर मात्र लगेच घे.

—

ब्रिस्टॉलहून, पुढच्या आठवड्यातला बुधवार, न्यूकॅसल मुक्काम

मंडळी, बारसं झालं. उशीर झाला लिहायला, घरात झोप कुणालाच नाही.

चेल्टनमहून आमचं ऑफ-पीक त्या गाडीला चालत नव्हतं, कोड उघडून पाहिला. म्हणून बर्मिंगहॅमलाच तोडलं. दोन्ही तुकडे फॅमिली कार्डावर, आमच्या तिघांची परतीची, आई-बाबांची एकेरी. कार्डाचे 35 धरूनही पहिल्या दिवशी पाहिलेल्या बेरजेच्या खूपच खाली आलं. सीट दोन्ही तिकिटांवर एकाच डब्यात मिळाल्या, बाबांची खिडकीची. आई-बाबांचं परतीचं ॲडव्हान्सही त्याच रात्री काढलं, एका बुधवारी दुपारचं, आणि एडिंबरा दाखवायचं ठरल्यामुळे टू टुगेदरही घेतलं.

मावशी, पाकिटावर लिहिलं होतं. बर्मिंगहॅम आलं तेव्हा बाबांनी पाकीट खिशातून काढलं, वाचलं आणि परत ठेवलं. डर्बीच्या अलीकडे तपासनीस आले. बाबांनी स्वतःहून दोन्ही तिकिटं पुढे केली. त्यांनी दोन्ही पाहिली, मुलाच्या हातातला लाडवाचा तुकडा पाहून हसले आणि पुढे गेले. बाबा खिडकीकडे वळून सासूबाईंना म्हणाले, "चालतं हो."

गुरुवारी आम्ही परत निघतो. डिंकाचा एक डबा लीड्सच्या प्लॅटफॉर्मवर द्यायचा आहे. मावशी, गाडी थांबते तेवढी मिनिटं याल का?